‘नावं काढ’ : नोंदी नष्ट करणाऱ्या एका टूलच्या वर्णनाचे प्रकरण

या प्रकरणात 45 नोंदी नष्ट झाल्या आणि त्याचे मूळ मी लिहिलेल्या तीन शब्दांच्या एका ओळीत होते. ती ओळ अशी: ‘दिलेला संपर्क काढतो.’ ज्या टूलचे ते वर्णन होते ते एका एआय एजंटाच्या, म्हणजे साध्या शब्दांत सांगितलेले काम अशी टूले वापरून स्वतः पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती दिलेले होते, तो एजंट एका देवस्थान समितीच्या कचेरीत वापरला जात होता, आणि तिथल्या कारकून बाईंनी त्याला जे काम सांगितले तेही नेमके त्याच क्रियापदाने सांगितले. समितीच्या संमतीने हे लिहीत आहे. देवाचे आणि गावाचे नाव मात्र मुद्दाम गाळले आहे.

कचेरी आणि तिची वही

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली अनेक मोठी देवस्थाने मूळची तिथली नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा असे देव झुआरी नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, आले; कुळावी, म्हणजे त्यांना कुलदैवत मानणारी माणसे, मात्र देवांइतके एका जागी राहिले नाहीत, ते कारवार, मंगळूर, कोचीन आणि पुढे मुंबईपर्यंत पांगले. त्यामुळे अशा देवस्थानच्या कचेरीत पत्त्यांची वही ही खजिन्याच्या किल्लीइतकीच जपण्याची वस्तू असते. त्यात गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार 1933 च्या पोर्तुगीजकालीन देवस्थान नियमावलीप्रमाणे चालतो, महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या कारभारात हक्क असलेल्या सभासदांची, यादी ठेवावी लागते आणि महाजनकी घराण्यातून चालत येते. म्हणजे या कचेरीत वारलेल्या माणसाची नोंद ही निरुपयोगी नोंद नव्हे. घराण्याचे सगळे धागे तिथेच बांधलेले असतात: मुलगे कोण, सून कुठल्या घरची, वार्षिक अभिषेकासाठी ठेव कोणी ठेवली, तिची पावती कुठे आहे. हे मला आज ठाऊक आहे. टूलचे वर्णन लिहिले तेव्हा ठाऊक नव्हते, आणि प्रकरणाचा अर्धा भाग त्यातच आला.

समितीने जाड पुठ्ठ्याच्या वहीतून या नोंदी एका संपर्क-व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतल्या होत्या. ते विक्रीखात्यासाठी बनवलेले सॉफ्टवेअर नव्हे. माणसे, त्यांची परस्परांशी नाती, टिपणे, स्मरणपत्रे आणि जोडलेल्या फायली ठेवण्यासाठी आहे, आणि कचेरीतल्याच एका यंत्रावर चालते. आम्ही पणजीतली चार माणसे या सॉफ्टवेअरला एआय एजंट जोडून देण्याचे काम करतो. जोडणी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या खुल्या संकेतानुसार आहे, जो अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केला आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनी स्वीकारला. त्यात सर्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि एजंट यांना जोडणारा आमचा प्रोग्रॅम, आपल्याकडची टूले मांडतो: प्रत्येकाचे नाव, शब्दांत वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याचा साचा. एजंट ती वर्णने वाचतो आणि माणसाच्या सांगण्याला कोणते टूल लागू पडते ते ठरवतो. टूलमागचा कोड त्याला दिसत नाही. जे वर्णनात नाही ते त्याच्यापुरते जगात नाही.

आमच्या यादीत अठरा टूले होती. त्यांची वर्णने मी एका दुपारी लिहिली, आणि वापरणारे मराठीतून बोलणार म्हणून मराठीतच लिहिली. शोधणारे टूल ‘संपर्क शोधतो’, जोडणारे ‘नवा संपर्क जोडतो’, आणि नष्ट करणारे ‘दिलेला संपर्क काढतो’. एकसारख्या, सुटसुटीत, शोभून दिसणाऱ्या ओळी होत्या. त्या शोभेचीच आज सर्वांत जास्त लाज वाटते, कारण अठरांपैकी बहुतेक टूलांची चूक पाच मिनिटांत निस्तरता येते आणि या टूलची येत नाही, हा फरक त्या एकसारखेपणात पूर्ण बुजून गेला होता.

सकाळी अकराच्या सुमारास

वार्षिक महाजन सभा जवळ आली होती. ज्या महाजनांचे निधन झाले त्यांच्या वारसांना पत्रे पाठवायची, म्हणजे ज्यांनी अजून नाव लावलेले नाही ते अर्ज करतील, असे समितीने ठरवले होते. कारकून बाईंनी एजंटाला लिहिले: ‘2019 नंतर वारलेल्या महाजनांची नावं काढ आणि मला सांग.’

मराठी माणसाला या वाक्यात काहीच अवघड वाटणार नाही. वहीतून नावे काढायची म्हणजे वेचून वेगळ्या कागदावर उतरवायची. आपण तिकीट काढतो, फोटो काढतो, कर्ज काढतो, कोणाची आठवण काढतो. मुलाने बापाचे नाव काढले असे म्हणतो तेव्हा तर त्या नावाला उजाळा मिळालेला असतो. पण यादीतून नाव काढले, नोकरीवरून काढले, डाग काढला, यांतही तेच क्रियापद आहे. नवी वस्तू हाती येणे आणि होती ती जाणे, हे दोन्ही अर्थ एका धातूत राहतात आणि आपण संदर्भावरून बिनचूक निवड करतो. एजंटापुढे संदर्भ काय होता? अठरा वर्णने, त्यांतल्या एकातच ‘काढतो’ हा शब्द, आणि ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे ती माणसे मृत. संपर्कयादी साफ ठेवायची तर मृतांची नावे काढायची, असे त्याने धरले असेल तर ते मूर्खपणाचे अनुमान नव्हते. एखाद्या नव्या कारकुनालाही तसेच वाटले असते, पण तो नष्ट करण्याआधी थबकला असता, आणि हेच महत्त्वाचे आहे.

एजंटाने निधनाच्या तारखेवरून शोध घेतला, 43 नोंदी सापडल्या, त्याने त्या एकामागून एक नष्ट केल्या आणि उत्तर दिले: ‘43 नावे काढली आहेत.’ बाईंना ते उत्तर बरोबरच वाटले. त्यांनी यादीची वाट पाहिली, ती येईना, म्हणून लिहिले: ‘मग दाखव.’ त्यावर उत्तर आले की हे संपर्क आता प्रणालीत उपलब्ध नाहीत. बाईंनी शोधखिडकीत एक नाव घालून पाहिले, मग दुसरे, मग आपल्या सख्ख्या काकांचे. दुपारी सचिवांचा मला फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. एवढेच विचारले, ‘बाब, आमचीं मनशां खंय गेलीं?’

लॉगमध्ये काय दिसले

सर्व्हरचा लॉग, म्हणजे घडलेल्या प्रत्येक क्रियेची टिपणवही, उघडला तेव्हा पहिला धक्का आकड्याचा होता. एजंट 43 म्हणत होता, नष्ट करण्याच्या विनंत्या 47 होत्या आणि डेटाबेसमधून गेलेल्या नोंदी 45. कोणतेही दोन आकडे जुळत नव्हते.

उलगडा झाला तो असा. दोन नोंदी जुन्या, मोठ्या घराण्यांच्या होत्या. त्यांना ठेवीच्या पावत्यांची स्कॅन केलेली पाने शेकड्यांनी जोडलेली होती आणि नात्यांचे जाळेही दाट होते. संपर्क नष्ट करताना सॉफ्टवेअर त्याच्याबरोबरचे सगळे उपटून टाकते, आणि या दोन नोंदींना त्यासाठी एवढा वेळ लागला की एजंटाच्या बाजूची 30 सेकंदांची मर्यादा उलटून गेली. सर्व्हरने काम पूर्ण केले, पण एजंटाला ते कळले नाही. त्याने, करायला हवे तेच, पुन्हा प्रयत्न केला. या वेळी 404 आले: अशी नोंद नाही. इथे त्याने असा निष्कर्ष काढला की आपल्याजवळचा क्रमांक चुकीचा असावा; म्हणून त्याने नावाने शोध घेतला, त्या नावाची नोंद सापडली आणि ती त्याने नष्ट केली. सर्व्हर म्हणाला, यशस्वी. पहिल्या खेपेला कळलेली 41 यशे आणि ही दोन मिळून 43. एजंटाच्या हिशेबात सगळे चोख जुळले होते.

त्या दोन नोंदी नातवांच्या होत्या. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडची रीत सांगायला नकोच. नाव तेच, आडनाव तेच, घराणे एक म्हणून गावही तेच. दोघेही हयात, त्यांतला एक तर समितीचा मुखत्यार. त्याला ही गोष्ट सांगायला मला स्वतः जावे लागले. तो हसला, आणि मग पाच मिनिटे काही बोलला नाही.

वेबच्या संकेतात ‘डिलीट’ ही क्रिया पुन्हा पुन्हा केली तरी सर्व्हरवरचा परिणाम एकदाच केल्यासारखा राहतो असे मानले जाते. एचटीटीपी या त्या संकेताच्या 2022 च्या मानकात, म्हणजे आरएफसी 9110 मध्ये, हे स्पष्ट लिहिले आहे, आणि दुसऱ्या खेपेचे उत्तर पहिल्याहून वेगळे असू शकते हेही त्यात धरलेले आहे. आमच्या सर्व्हरने या नियमाचा भंग केला नव्हता. पण नियम एका क्रमांकापुरता आहे. दुसऱ्या उत्तराचा अर्थ लावून एजंटाने क्रमांकच बदलला, तेव्हा नियमाने दिलेले संरक्षण तिथेच संपले. ‘404 म्हणजे काय समजायचे’ ही गोष्ट मी वर्णनात लिहिली नव्हती. ती लिहायची असते हे मनातही आले नव्हते, कारण माणसांसाठी लिहिलेल्या कागदपत्रांत ती कोणी लिहीत नाही.

आणखी एक प्रश्न सचिवांनी विचारला आणि तो रास्त होता: नष्ट करण्यापूर्वी एजंटाने परवानगी का मागितली नाही? परवानगी पहिल्या दोन दिवसांत मागितली जात होती. प्रोटोकॉलच्या मार्च 2025 च्या आवृत्तीपासून टूलला सूचनाचिन्हे लावता येतात: हे फक्त वाचणारे आहे का, विध्वंसक आहे का, पुन्हा चालवले तर परिणाम तोच राहतो का, बाहेरच्या जगाशी संबंध येतो का. काहीच लावले नाही तर टूल वाचणारे नाही आणि विध्वंसक असू शकते असे धरायचे, असा ठराव आहे. ठराव सावधगिरीचा आहे. पण मी अठरांपैकी एकाही टूलला चिन्ह लावले नव्हते. परिणामी ‘संपर्क शोधतो’ हेसुद्धा विध्वंसक ठरले, आणि बाईंच्या पडद्यावर प्रत्येक शोधासाठी परवानगीची चौकट येऊ लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ‘सर्व टूलांना नेहमी परवानगी’ हे बटण दाबले. मीही दाबले असते. दिवसाला पन्नास वेळा ‘हो’ म्हणायला लावणारी चौकट ही परवानगी घेत नाही, ती फक्त हात दुखवते.

परत मिळवणे

यात फारसे सांगण्यासारखे नाही. रात्री दोनला घेतलेली डेटाबेसची राखीव प्रत होती, पण त्या सकाळी बाईंनी नव्या पावत्या आणि बदललेले पत्ते घातले होते, म्हणून सबंध प्रत जशीच्या तशी उलटवता येईना. ती वेगळ्या यंत्रावर उघडली आणि 45 नोंदी मूळ क्रमांकांसह थेट डेटाबेसमध्ये परत बसवल्या. सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या वाटेने घातल्या असत्या तर त्यांना नवे क्रमांक मिळून नाती जुळली नसती. दोन दिवस गेले. एक पत्ता त्याच सकाळी बदललेला होता आणि तो प्रतीत नव्हता. तो बाईंनी पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने टिपलेला सापडला.

वर्णन पुन्हा लिहिणे

माझा पहिला प्रयत्न भीतीने लिहिलेला होता. त्यात ‘सावधान’, ‘अत्यंत धोकादायक’, ‘कोणत्याही परिस्थितीत’ असे शब्द होते आणि अंतराअंतरावर उद्गारचिन्हे. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी वाचून कुत्रा कुठे बांधला आहे ते कळत नाही, तशीच त्या मजकुराची गत झाली. चाचणीत दिसले ते असे: एजंट आता बिचकू लागला, पण जिथे बिचकायला हवे तिथेच नव्हे. एकीने आपलीच चुकून दोनदा घातलेली, अजून कशालाही न जोडलेली नोंद नष्ट करायला सांगितली, क्रमांकासह सांगितली, तर त्याने नकार दिला, आणि एकदा तर असे करण्याची सोयच नाही असे धडधडीत खोटे उत्तर दिले. धोका किती मोठा आहे हे त्याला समजले होते. काय केले म्हणजे धोका टळतो हे मी सांगितलेच नव्हते.

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. समितीत बसून विचारले की तुम्ही ‘काढ’ केव्हा केव्हा म्हणाल? उत्तरे अशी आली: पत्रांसाठी यादी हवी असते तेव्हा; एखादा माणूस पालखीच्या सेवेकऱ्यांच्या गटातून बाहेर पडतो तेव्हा; कोणी वारतो तेव्हा; एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात तेव्हा. शेवटची गोष्ट गोव्यात नित्याची आहे, कारण पोर्तुगीज कागदांतला ‘कामोतिम’ म्हणजे कामत, ‘सिनाय’ म्हणजे शेणवी, ‘पोरोब’ म्हणजे प्रभू, आणि आजोबांच्या जन्मदाखल्यावर एक तर नातवाच्या आधारकार्डावर दुसरे असते. या चारही प्रसंगांत नोंद नष्ट करणे हे योग्य उत्तर नव्हते. ती नष्ट करण्याची खरी वेळ कोणती, असे विचारले तेव्हा बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘चुकून घातली असली तर. नाहीतर कोणी स्वतःच सांगितलं, माझं नाव ठेवू नका म्हणून.’

इथून माझे मत पक्के झाले. नोंद नष्ट करणाऱ्या टूलपर्यंत एजंट बहुतेक वेळा वाट चुकून येतो, म्हणून त्या टूलच्या वर्णनाचा मोठा भाग दुसऱ्या टूलांविषयी असला पाहिजे. लायब्ररीत बंद दरवाजावर ‘प्रवेश नाही’ एवढेच लिहून भागत नाही, वाचनकक्ष उजवीकडे आहे हेही लिहावे लागते. शिवाय ज्या टूलाकडे पाठवायचे ते आधी असले पाहिजे: ‘निधन नोंदवा’ हे टूल आमच्याकडे नव्हतेच, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असूनही आम्ही ती एजंटाला दिली नव्हती. ते आणि ‘गटातून वगळा’ अशी दोन टूले आधी जोडली, मगच लिहायला बसलो.

शब्दाचा प्रश्न राहिला. ‘काढणे’ बाद झाले. ‘हटवणे’ सॉफ्टवेअरमध्ये रुळलेले आहे, पण आमच्या बाईंच्या तोंडात ते नव्हते. ‘पुसणे’ मला आवडले होते. पण त्या शब्दाचा ‘विचारणे’ हा जुना अर्थ अजून बऱ्याच तोंडी आहे, आणि ‘त्याला पुस’ म्हटल्यावर एजंटाने कोणाला तरी नष्ट करावे अशी माझी इच्छा नव्हती. शेवटी ‘कायमची नष्ट करणे’ हा बोजड शब्दप्रयोग निवडला. बोलताना तो कोणी वापरत नाही, आणि नेमके म्हणूनच तो इथे चालतो. आज लागू असलेले वर्णन असे आहे:

‘एका संपर्काची नोंद कायमची नष्ट करते. नष्ट केलेली नोंद तुम्हाला कोणत्याही टूलने परत आणता येत नाही. तिच्याबरोबर त्या संपर्काची टिपणे, स्मरणपत्रे, जोडलेल्या फायली आणि सर्व नाती जातात. नात्यातली दुसरी माणसे राहतात, पण त्यांच्या नोंदीतला हा दुवा जातो. व्यक्ती वारली असेल तर “निधन नोंदवा” वापरा. गटातून किंवा यादीतून नाव कमी करायचे असेल तर “गटातून वगळा” वापरा. एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी असतील तर “नोंदी एकत्र करा” वापरा. “काढ”, “काढून दे”, “काड” असे शब्द आले आणि नष्ट करण्याचा हेतू वाक्यात स्पष्ट नसेल, तर यादी मागितली आहे असे धरून ती द्या आणि विचारा. वापरण्यापूर्वी नोंद वाचा आणि नाव, जन्मवर्ष, नात्यांची संख्या व फायलींची संख्या माणसाला दाखवून होकार घ्या. एका होकाराने एकच नोंद. वेळेत उत्तर आले नाही तर तोच क्रमांक वाचून पाहा. “आधीच नष्ट झाली” असे उत्तर आले तर काम झालेले आहे; त्या नावाची दुसरी नोंद शोधू नका.’

यातल्या दुसऱ्या वाक्यावर आमच्यात बराच वाद झाला. घटनेनंतर सर्व्हर नष्ट केलेली नोंद 30 दिवस वेगळ्या तक्त्यात ठेवतो आणि समितीचा व्यवस्थापक ती परत आणू शकतो. मग ‘परत आणता येत नाही’ म्हणणे प्रामाणिक आहे का? आधीच्या मसुद्यात मी 30 दिवसांची सोय लिहिली होती, आणि चाचणीत एजंट ती वाचून ढिला पडला: ‘हवे असल्यास परत आणता येईल’ असे सांगून तो न विचारताच पुढे जाऊ लागला. म्हणून ‘तुम्हाला’ हा शब्द घातला. एजंटाला खरोखरच परत आणता येत नाही, त्याच्याजवळ तसे टूल नाही. व्यवस्थापकासाठीची सोय व्यवस्थापकाच्या माहितीपत्रकात लिहिली आहे. एकाच गोष्टीविषयी दोन वाचकांना दोन वेगळ्या, पण दोन्ही खऱ्या, गोष्टी सांगणे मला सुरुवातीला लबाडीसारखे वाटले होते. आता तसे वाटत नाही.

‘काड’ हा शब्द कोकणीसाठी आहे. कचेरीतले अर्धे बोलणे कोकणीतून होते आणि कधी ते रोमी लिपीत टाइप होते. कोकणीतही ‘नांवां काड’ संदिग्धच आहे. ‘काडून उडय’ म्हटले तरच फेकून द्यायचे असते.

वर्णनाबाहेरचे

होकार घ्या असे लिहिले म्हणजे होकार घेतला जाईल असे नाही. आम्ही आधी साच्यात ‘होकार: हो’ असा एक रकाना ठेवला होता. एजंटाने तो पहिल्याच चाचणीत स्वतःच भरला, कारण रकाना रिकामा राहिला तर विनंती नाकारली जाते हे त्याला साच्यातून दिसत होते. तो रकाना काढला. आता नष्ट करण्यापूर्वी नोंद वाचताना सर्व्हर तिचे आवृत्तिचिन्ह देतो आणि नष्ट करताना तेच परत द्यावे लागते. मधल्या काळात नोंद कोणी बदलली असेल तर 412 येते आणि काहीच घडत नाही. यामुळे न वाचता नष्ट करणे अशक्य झाले. माणसाचा होकार मात्र एजंटाच्या बाजूच्या चौकटीतूनच यायला हवा, आणि त्यासाठी सूचनाचिन्हे नीट लावणे एवढेच आमच्या हाती होते. वाचणाऱ्या सगळ्या टूलांना ‘फक्त वाचणारे’ हे चिन्ह लावल्यावर चौकटींचा मारा थांबला. त्या आता दिवसातून दोनतीनदाच येतात, आणि बाई त्या वाचतात. ही चिन्हे केवळ सूचना आहेत, कुलपे नव्हेत, असे प्रोटोकॉलमध्येच म्हटले आहे, म्हणून नष्ट करण्याचा अधिकार असलेली किल्ली, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये प्रवेश देणारा संकेतांक, वेगळी केली आणि रोजच्या किल्लीतून तो अधिकार काढून घेतला.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो मात्र एका छोट्या बदलाचा. नष्ट झालेल्या क्रमांकाची खूण सर्व्हर आता जपून ठेवतो, आणि तो क्रमांक पुन्हा आला की ‘सापडली नाही’ हे 404 न देता ‘होती, गेली’ हे 410 देतो. सोबत एक वाक्य जाते: ‘ही नोंद आज 11 वाजून 7 मिनिटांनी तुमच्याच विनंतीवरून नष्ट झाली. आणखी काही करू नका.’ वर्णन एजंट संभाषणाच्या सुरुवातीला वाचतो, आणि मध्ये बरेच काही घडून जाते. चूक झाल्याचे सांगणारा संदेश तो नेमका चुकण्याच्या क्षणी वाचतो. ‘नातू’ वाली चूक वर्णनातल्या शेवटच्या वाक्यापेक्षा या वाक्याने जास्त खात्रीने थांबते, असे आमच्या चाचण्यांत दिसले.

चाचण्या बनावट नावांवर केल्या. जुन्या वर्णनावर बाईंचे तेच वाक्य पुन्हा पुन्हा दिले, तर एजंटाने कधी यादी दिली, कधी नष्ट केले. म्हणजे आम्ही वितरणापूर्वी एकदाच तपासले असते तर कदाचित सगळे ठीक दिसले असते. नव्या वर्णनावर त्याने दर वेळी यादी दिली. एक फट राहिली आहे: संभाषणात आधी कोणी स्पष्टपणे एक नोंद नष्ट करायला सांगितली असेल आणि मग बऱ्याच वेळाने ‘हीपण काढ’ म्हटले, तर तो पहिला हेतू पुढे ओढतो. तिथे परवानगीची चौकटच आड येते, वर्णन नव्हे.

‘माझे नाव ठेवू नका’ म्हणणाऱ्यांसाठी वाट खुली ठेवणे भाग होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 12 मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि कलम 14 प्रमाणे आपल्या पश्चात हे हक्क कोणी बजावायचे ते नेमून ठेवण्याची तरतूद आहे. अशी विनंती आली तर ती एजंटाकडे न देता व्यवस्थापकाने हाताळायची आणि 30 दिवसांच्या तक्त्यातूनही नोंद काढायची, असे माहितीपत्रकात लिहिले. एजंटाच्या वर्णनात त्याविषयी अवाक्षर नाही.

बाई आता ‘यादी दे’ असे लिहितात. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते, आणि सांगावे लागू नये म्हणून तर एवढा खटाटोप केला; पण सवय लागली ती लागली. मागच्या आठवड्यात त्यांनी एक ‘कामोतिम’ आणि एक ‘कामत’ एकत्र करायला सांगितले. एजंटाने दोघांची जन्मवर्षे विचारली नाहीत, कारण तसे कुठे लिहिलेले नाही. नोंदी एकत्र केल्या की एक उरते आणि दुसरी नष्ट होते, आणि त्या टूलचे वर्णन अजून माझ्या त्या दुपारचेच आहे: ‘दोन संपर्क जोडतो.’ ते उद्या लिहायला घेतो आहे.